ओव्हरकरंटवर ट्रिप होणारा ड्राइव्ह: आधी करंट फीडबॅक तपासा, लूप नंतर जोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एनकोडर (रोटरची स्थिती मोजणारा सेन्सर) असलेली तीन फेजची परमनंट मॅग्नेट सर्व्हो मोटर आहे. जुन्या ड्राइव्हचा (मोटरला वीज देणाऱ्या यंत्रणेचा) पॉवर भाग तसाच ठेवून त्यावर नवा कंट्रोल बोर्ड बसवला. एनेबल (चालू होण्याचा सिग्नल) देताच मोटर एक झटका मारते आणि ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होतो, म्हणजे करंट जास्त झाल्याने स्वतःला बंद करून घेतो. मोटरच्या तारा आलटून पालटून पाहिल्या, तर एका जोडणीत मोटर फिरते, पण गुरगुरते आणि तापते. आता ट्रिपची मर्यादा वाढवून बघावी का?

मर्यादा वाढवू नका. ट्रिप वेळेवर होते आहे म्हणूनच पॉवर स्विचचं मॉड्यूल अजून शाबूत आहे. तारा आलटून पालटून पाहणंही बंद करा, कारण ज्या चुकीचा मला जास्त संशय आहे ती मोटरच्या तारा बदलून कधीच जाणार नाही.

हे जरा उलगडून सांगतो, कारण सगळा घोळ इथेच होतो. करंट सेन्सर ड्राइव्हच्या आत, इन्व्हर्टरच्या लेगवर, म्हणजे मोटरच्या एकेका तारेला व्होल्टेज देणाऱ्या स्विचच्या जोडीवर, बसलेले असतात. तीन लेगना यू, व्ही, डब्ल्यू म्हणतात. यू लेगमधून जाणारा करंट यू सेन्सर मोजतो. पुढे ती तार मोटरच्या कुठल्या वाइंडिंगला गेली आहे याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणजे तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, कंट्रोलर ज्या लेगला व्होल्टेज देतो त्याच लेगचा करंट तो परत वाचतो का, आणि तोही योग्य चिन्हाने, योग्य मापाने? दोन, लेगच्या क्रमाचा रोटरच्या स्थितीशी, म्हणजे एनकोडरशी, मेळ बसतो का? तारा बदलल्या की फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलतं. पहिला जिथल्या तिथेच राहतो.

आणि दुसऱ्याचं उत्तरही असं अंदाजाने लागत नाही. तीन तारा सहा प्रकारे जोडता येतात. त्यांतल्या तीन जोडण्यांत दिशा एनकोडरशी जुळते, पण त्या तिघींमध्ये आपापसांत १२० इलेक्ट्रिकल अंशांचा (यांत्रिक अंश गुणिले पोल जोड्या) फरक असतो. कोनात चूक असेल तर टॉर्क त्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात मिळतो. १२० अंशांची चूक असेल तर अर्ध्या जोराने उलट दिशेला धाव. ६० अंशांची असेल तर सुलट दिशा, पण त्याच करंटात निम्माच टॉर्क, म्हणजे मोटर फिरते आणि तापते. तुमच्या ‘चालणाऱ्या’ जोडणीत बहुधा एनकोडर ऑफसेटची (एनकोडरच्या आणि रोटरच्या शून्यातल्या फरकाची) चूक आणि तारांची चूक एकमेकींना अर्धवट झाकत आहेत. अशी जोडणी मला न चालणारीपेक्षा जास्त धोक्याची वाटते, कारण लोक तीच कायम करून मोकळे होतात.

एनेबल देताच बसणारा झटका मात्र पहिल्या प्रश्नाकडे बोट दाखवतो. करंट चॅनेलचं चिन्ह उलटं असेल तर लूपमधला (करंट मोजून त्यावरून व्होल्टेज ठरवणाऱ्या साखळीतला) ऋण फीडबॅक धन होतो. करंट वाढला की कंट्रोलरला तो कमी झाल्यासारखा दिसतो आणि तो आणखी व्होल्टेज देतो. हे किती वेगाने घडतं ते पाहा. फेजचं इंडक्टन्स ३ मिलिहेन्री धरलं, तर यूमधून जाऊन व्ही आणि डब्ल्यूमधून परत येणाऱ्या वाटेचं इंडक्टन्स दीडपट, ४.५ मिलिहेन्री. बस (ड्राइव्हच्या आतला डीसी पुरवठा) ३२५ व्होल्टची असेल तर करंट दर मिलिसेकंदाला सुमारे ७२ अँपिअरने चढतो. हात स्टॉपच्या बटणापर्यंत पोहोचायच्या कितीतरी आधी सगळं आटोपलेलं असतं. म्हणून चाचणी अशा परिस्थितीत करायची की चूक झाली तरी काही उडू नये.

आधी जिवाचं

२३० व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर बस सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते आणि ४१५ व्होल्टच्या तीन फेजवर सुमारे ५८७. मेन्स बंद केल्यावरही हे व्होल्टेज कपॅसिटरवर टिकून असतं. १००० मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहमचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) असेल तर ३२५ वरून ५० व्होल्टपर्यंत उतरायला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. पण हा हिशोब ब्लीडर शाबूत असल्याचा आहे. जुन्या पॉवर भागात तो आतून तुटलेला सापडणं नवलाचं नाही, आणि मग तासाभरानेही बस जिवंत असू शकते. ड्राइव्हवर लिहिलेली वाट पाहण्याची वेळ पाळाच, आणि नंतर बसच्या धन आणि ऋण टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा. मीटर आधी माहीत असलेल्या सप्लायवर तपासा, मग बस मोजा, मग पुन्हा त्या सप्लायवर तपासा. मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. मीटर आणि त्याच्या लीड किमान कॅट-३ या सुरक्षा दर्जाच्या आणि तुमच्या बस व्होल्टेजला पुरणाऱ्या हव्यात. चार्जिंगचा एलईडी विझला म्हणजे बस रिकामी झाली असं समजू नका.

स्कोपबद्दल (ऑसिलोस्कोपबद्दल) वेगळं सांगायला हवं, कारण अनुभवी माणसंही इथे फसतात. मेन्सवर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये बसची ऋण बाजू अर्थच्या पातळीवर नसते. न्यूट्रल अर्थ केलेल्या ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ती अर्थच्या मानाने सरासरी उणे २८० व्होल्टच्या आसपास असते. स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. ती बसच्या ऋण बाजूला लावली की रेक्टिफायरमधून थेट शॉर्ट. स्कोपची अर्थ पिन काढून टाकण्याची ‘युक्ती’ अनेकांना माहीत असते. तिने शॉर्ट टळतो खरा, पण स्कोपची अख्खी बॉडी बसच्या व्होल्टेजवर येते. डिफरन्शियल प्रोब वापरा, तो अर्थचा आधार न घेता दोन बिंदूंमधला फरक मोजतो. तो नसेल तर मेन्सवर असताना पॉवर भागात स्कोप लावूच नका. खाली दिलेल्या कमी व्होल्टेजच्या चाचण्यांत त्याची फारशी गरजही पडत नाही.

हीच गोष्ट लॅपटॉपची. नव्या बोर्डाचा ग्राउंड बसच्या ऋण बाजूला जोडलेला आहे का ते आजच पाहा. खालच्या स्विचखाली शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) असलेल्या स्वस्त रचनेत बहुतेकदा तो जोडलेलाच असतो. अशा बोर्डाला डीबगरची यूएसबी केबल सरळ लावली आणि मेन्स दिला, तर लॅपटॉप, डीबगर आणि बोर्ड तिन्ही जातात आणि लॅपटॉपला हात लावून बसलेल्या माणसाला धोका होतो तो वेगळाच. मध्ये यूएसबी आयसोलेटर लागतोच.

आणखी दोन गोष्टी. सेफ टॉर्क ऑफ दिला म्हणजे टर्मिनल निर्जीव झाले असं नाही. तो फक्त टॉर्क थांबवतो, विद्युत विलगीकरण करत नाही. दुसरं, परमनंट मॅग्नेट मोटर फिरत असेल तर ड्राइव्ह पूर्ण बंद असतानाही तिच्या तारांवर व्होल्टेज असतं. म्हणून शाफ्ट लोडपासून सोडवा, मोटर टेबलाला पक्की आवळा आणि शाफ्टमधली सैल चावी (की) काढून ठेवा. उभ्या अक्षावरची मोटर असेल तर लोड आधी यांत्रिक आधारावर उतरवा. एकट्या ब्रेकच्या भरवशावर राहू नका.

बंद अवस्थेतल्या तपासण्या

या पटकन उरकता येतात, पण वगळू नका. मोटरच्या तिन्ही तारा ड्राइव्हपासून सोडवा. यू-व्ही, व्ही-डब्ल्यू आणि डब्ल्यू-यू असे तिन्ही रेझिस्टन्स मोजा. ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक ओहमच्या आसपासच्या वाइंडिंगला साध्या मीटरचा आकडा भरवशाचा नसतो, कारण लीडचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. करंट लिमिट असलेल्या सप्लायने १ अँपिअर सोडा आणि टर्मिनलवरचं व्होल्टेज वेगळ्या लीडने मोजा. जेवढे व्होल्ट तेवढे ओहम. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल. स्टार जोडणीत (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र) दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स एका फेजच्या दुप्पट असतो.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारा मीटर. ५०० व्होल्टच्या रेंजवर प्रत्येक फेज ते बॉडी. आजच्या लो व्होल्टेज मोटरसाठी ५ मेगाओहम ही किमान पातळी धरतात, पण सुस्थितीतली मोटर त्याच्या कितीतरी वर दाखवते. आधी मोटर एकटी आणि मग केबलसकट मोजा, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर चुकूनही लावू नका, आणि एनकोडरच्या तारांना तर कधीच नाही.

पॉवर भागासाठी मीटर डायोड रेंजवर घ्या. लाल लीड बसच्या ऋण टर्मिनलवर ठेवून काळी यू, व्ही, डब्ल्यूवर फिरवा. तिन्हीकडे जवळजवळ सारखा, साधारण ०.३ ते ०.६ व्होल्टचा ड्रॉप दिसेल. मग काळी लीड बसच्या धन टर्मिनलवर ठेवून लाल फिरवा, तेच दिसेल. उलट दिशेने मीटर उघडं सर्किट दाखवेल. एखादा आकडा शून्याजवळ आला तर मॉड्यूल आधीच गेलेलं आहे आणि पुढचं काही करण्यात अर्थ नाही. हे आकडे बरोबर आले म्हणून स्विचचे गेट (चालू-बंद करणारी टोकं) शाबूत आहेत असं मात्र ठरत नाही.

सेन्सर एकट्याने तपासा

माझ्या मते ही चाचणी सगळ्यात जास्त फळ देते, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. इन्व्हर्टर पूर्ण बंद, बसला काही नाही, फक्त कंट्रोल बोर्ड आणि सेन्सरचा सप्लाय चालू. आता वाचन पाहा: शून्य करंटला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) किती दाखवतो?

एक उदाहरण घेऊ. २० अँपिअरचा एसीएस७१२ हा हॉल सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, शून्य करंटला २.५ व्होल्ट देतो आणि दर अँपिअरला १०० मिलिव्होल्ट बदलतो. तुमचा एडीसी ३.३ व्होल्टचा आणि १२ बिटचा असेल तर मध्ये दोन तृतीयांशाचा डिव्हायडर लागतो. मग शून्याची पातळी १.६६७ व्होल्ट, म्हणजे सुमारे २०६९ काउंट. पण कोडमध्ये बहुतेक जण मध्यबिंदू म्हणून २०४८ लिहून मोकळे होतात. एका अँपिअरला इथे सुमारे ८३ काउंट पडतात, म्हणजे २१ काउंटच्या फरकाने पाव अँपिअरचा खोटा करंट कायम दिसत राहतो. शिवाय या सेन्सरचं शून्य त्याच्या सप्लायच्या निम्म्यावर असतं. ५ व्होल्टचे ४.९ झाले की शून्यही सरकतं. म्हणून ऑफसेट गृहीत धरायचा नाही. दर वेळी एनेबलच्या आधी, पीडब्ल्यूएम (स्विचची वेगवान चालू-बंद) बंद असताना, शेकडो नमुन्यांची सरासरी काढून तो ठरवायचा, आणि अपेक्षित पट्ट्याच्या बाहेर गेला तर ड्राइव्हने सुरूच व्हायचं नाही.

आता चिन्ह आणि माप. ज्या सेन्सरच्या भोकातून तार जाते त्याच्यासाठी मोठा करंट लागत नाही. एक जाड तार भोकातून पाच वेळा ओवा आणि बेंच सप्लायने २ अँपिअर डीसी सोडा, सेन्सरला १० अँपिअर दिसतील. सेन्सरवर बाण असतो. करंट बाणाच्या दिशेने गेला तर आउटपुट धन. लेम कंपनीचा एलए ५५-पी हा क्लोज्ड लूप सेन्सर असेल तर त्याचं गुणोत्तर १:१००० आहे, म्हणजे १० अँपिअरला १० मिलिअँपिअर आणि १०० ओहमच्या मेजरिंग रेझिस्टरवर १ व्होल्ट. बोर्डवर तो रेझिस्टर नेमका किती ओहमचा आहे ते पाहा. जुना पॉवर भाग आणि नवा बोर्ड यांची सांगड घालताना इथेच दुप्पट-तिप्पट मापाची चूक राहून जाते. एसीएस७१२ सारख्या, करंट चिपमधूनच जाणाऱ्या सेन्सरला आणि शंटला वेढे देता येत नाहीत. तिथे खरा करंट सोडावा लागतो. बस रिकामी आहे आणि मोटर सुटी आहे याची खात्री करून सेन्सरच्या दोन्ही बाजूंना बेंच सप्लाय लावा.

तिन्ही चॅनेलवर धन आणि ऋण, दोन्ही दिशांचे आकडे घ्या. इन्व्हर्टरकडून मोटरकडे जाणारा करंट धन, हा संकेत एकदा कागदावर लिहा आणि मग तो कुठेही बदलू नका. दुरुस्तीला आलेल्या एका ड्राइव्हमध्ये मधला सेन्सर जागा पुरावी म्हणून उलटा बसवलेला होता आणि मूळ फर्मवेअर त्याचं चिन्ह पलटून घेत होतं. नवा बोर्ड लावणाऱ्याला हे कळणार कुठून? तुमच्याकडेही पॉवर भाग जुना आणि बोर्ड नवा आहे, म्हणून हे सांगतो.

कमी व्होल्टेजवर स्थिर व्होल्टेजची चाचणी

आता मोटर जोडा, पण मेन्स नाही. बसला करंट लिमिट असलेला २४ व्होल्टचा बेंच सप्लाय द्या, लिमिट १ अँपिअर, मध्ये एक सिरीज डायोड, म्हणजे मोटरकडून काही परत आलं तरी सप्लायवर जाणार नाही. ड्राइव्हचा आतला पॉवर सप्लाय २४ व्होल्टवर सुरू होणार नाही, म्हणून गेट ड्रायव्हरला आणि कंट्रोलला वेगळा, आयसोलेटेड सप्लाय लागेल. फर्मवेअरमधली अंडरव्होल्टेज ट्रिप तेवढी तात्पुरती बंद करा. ओव्हरकरंट ट्रिप चालू ठेवा, उलट ५ अँपिअरवर खाली आणा.

कमी व्होल्टेजचा आग्रह का? १००० मायक्रोफॅरडच्या बसवर ३२५ व्होल्टला सुमारे ५३ जूल साठलेले असतात, २४ व्होल्टला जेमतेम ०.३. चूक झाली तर २४ व्होल्टवर ती पडद्यावरचा फॉल्ट ठरते, ३२५ वर फुटलेलं मॉड्यूल. दुसरं कारण मापाचं आहे. फेजचा रेझिस्टन्स ०.८ ओहम असेल तर यूमधून व्ही आणि डब्ल्यूकडे ३ अँपिअर सोडायला १.२ ओहमवर ३.६ व्होल्ट लागतात. ३२५ व्होल्टच्या बसवर हे जवळपास १.१ टक्का ड्यूटी (स्विच चालू असण्याचं प्रमाण) होतं. १० किलोहर्ट्झला ते १.१ मायक्रोसेकंद भरतं आणि २ मायक्रोसेकंदांचा डेड टाइम (लेगचे दोन्ही स्विच बंद ठेवण्याचा मधला वेळ) ते गिळून टाकतो. २४ व्होल्टवर तेच १५ टक्के होतं आणि नीट हाताळता येतं.

करंट लूप उघडा ठेवा, म्हणजे पीआय कंट्रोलर (करंट आपोआप सांभाळणारा भाग) बंद आणि ड्यूटी तुम्ही हाताने देणार. व्ही आणि डब्ल्यू लेगला सारखी ड्यूटी द्या आणि यूची त्यांच्यापेक्षा एकेक टक्क्याने वर न्या. यूच्या तारेवर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावा, लावण्याआधी झीरो करून घ्या. फक्त एसी मोजणारा क्लॅम्प इथे शून्यच दाखवेल. डेड टाइम आणि स्विचमधला ड्रॉप यांमुळे ३ अँपिअर यायला हिशोबाच्या १५ टक्क्यांहून बरंच जास्त द्यावं लागेल, त्याने गोंधळू नका. बेंच सप्लायवरचा करंट मोटरच्या करंटशी जुळवायलाही जाऊ नका. १.२ ओहममध्ये ३ अँपिअर म्हणजे १०.८ वॅट, त्यासाठी २४ व्होल्टच्या सप्लायमधून अर्धा अँपिअरही लागत नाही, वर थोडे लॉसेस.

पहिल्यांदा व्होल्टेज दिलं की रोटर झटक्याने त्या दिशेला जाऊन थांबेल. चार पोल जोड्या (रोटरच्या चुंबकाच्या उत्तर-दक्षिण जोड्या) असतील तर ही उडी जास्तीत जास्त ४५ अंशांची. हात आणि बाही शाफ्टपासून दूर.

आता तिन्ही चॅनेलचे आकडे वाचा. यू दिल्यावर यू +३, व्ही −१.५, डब्ल्यू −१.५ आले पाहिजेत. मग हेच व्हीला आणि डब्ल्यूला करा. असे नऊ आकडे होतील. ते कागदावर लिहिले की दोष बहुधा स्वतःच दिसतो.

यू दिल्यावर −३, +१.५, +१.५ आलं तर सगळ्या चॅनेलचं चिन्ह उलटं आहे. यू +३ बरोबर आला पण व्ही +१.५ दाखवतो, तर फक्त व्हीचा सेन्सर उलटा. दोनच सेन्सर असून तिसरा करंट गणिताने काढत असाल, तर अशा वेळी डब्ल्यूवर −४.५ असा अशक्य आकडा दिसेल. तो दिसला की डब्ल्यूच्या मागे लागू नका, चूक व्हीमध्ये आहे.

यू दिल्यावर +३ हा आकडा व्हीच्या चॅनेलवर दिसला, तर दोन शक्यता: सेन्सरच्या तारा अदलाबदल झाल्या आहेत किंवा गेटच्या. इथे क्लॅम्प मीटरच निवाडा करतो. यूच्या तारेतच ३ अँपिअर असतील तर गेट बरोबर, सेन्सर अदलाबदल. ३ अँपिअर व्हीच्या तारेत असतील तर गेटचे सिग्नल उलटसुलट लागले आहेत. आणि दोन्ही सारखेच अदलाबदल असतील तर नऊही आकडे सुंदर येतात, फक्त क्लॅम्प वेगळ्याच तारेवर करंट दाखवतो. ही चूक लूपला घातक नाही. ती मोटरच्या दोन तारा अदलाबदल केल्यासारखी आहे, पण लेबलं तरी सुधारून घ्या.

चिन्हं बरोबर आणि आकडे मात्र विषम असतील, म्हणजे यू आपल्या पाळीला ३.० आणि व्ही आपल्या पाळीला २.४ दाखवतो, तर क्लॅम्पशी ताडून पाहा. क्लॅम्प दोन्हीकडे ३ दाखवत असेल तर व्हीच्या मापाचा गुणक चुकला आहे. क्लॅम्पही २.४ दाखवत असेल तर सेन्सर खरं बोलतो आहे आणि तक्रार त्या लेगची, टर्मिनलची किंवा वाइंडिंगची आहे. त्या टर्मिनलचा स्क्रू आधी बघा.

याच चाचणीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही फुकटात मिळतं. यूनंतर व्ही दिलं की रोटरने १२० इलेक्ट्रिकल अंश पुढे सरकायला हवं. चार पोल जोड्यांच्या मोटरमध्ये ते ३० यांत्रिक अंश, आणि २५०० लाइनच्या एनकोडरवर, चौपट मोजणीने, सुमारे ८३३ काउंट. काउंट तेवढेच वाढले तर दिशा जुळली. तेवढेच कमी झाले तर मोटरच्या दोन तारा किंवा एनकोडरची दिशा बदला, यांपैकी एकच. यू दिलेला असताना रोटर जिथे थांबतो ते इलेक्ट्रिकल शून्य. बेअरिंगच्या घर्षणाने तो थोडा अलीकडे थांबतो, म्हणून दोन्ही बाजूंनी आणून सरासरी घ्या.

लूप जोडताना

त्याआधी ट्रिप खरंच चालते का ते पाहा. सॉफ्टवेअरमधली मर्यादा पुरेशी नाही. कंपॅरेटरने थेट पीडब्ल्यूएम बंद करणारी हार्डवेअर ट्रिप हवी, कारण आयजीबीटी या पॉवर स्विचचा शॉर्ट सर्किट सोसण्याचा काळ साधारण १० मायक्रोसेकंदच असतो, सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचचा तर त्याहून बराच कमी. चाचणीसाठी हार्डवेअर मर्यादा २ अँपिअरवर आणा, उघड्या लूपमध्ये ड्यूटी वाढवा आणि ट्रिप होते का बघा. दोन्ही दिशांना बघा. एकाच दिशेला ट्रिप होणारे कंपॅरेटर मी पाहिले आहेत.

आता २४ व्होल्टवरच, फक्त डी अक्षाचा (रोटरच्या चुंबकाच्या दिशेचा) लूप जोडा. डी अक्षाचा करंट टॉर्क देत नाही, म्हणून रोटर जागेवर राहतो. पीआयचे आकडे अंदाजाने देऊ नका. हवी ती बँडविड्थ रेडियनमध्ये घेऊन तिला इंडक्टन्सने गुणलं की प्रपोर्शनल गेन, रेझिस्टन्सने गुणलं की इंटिग्रल गेन. ३ मिलिहेन्री, ०.८ ओहम आणि २०० हर्ट्झसाठी हे साधारण ३.८ आणि १००० येतात. सुरुवात याच्या दहाव्या भागाने करा. १ अँपिअरची स्टेप द्या. करंट शांतपणे १ वर जाऊन बसला आणि क्लॅम्पही तेच सांगतो आहे, तर पुढे क्यू अक्ष, म्हणजे टॉर्क देणारा.

मेन्स देताना पहिल्यांदा सिरीजमध्ये फिलामेंटचा दिवा ठेवा. बस चार्ज होताना तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दिव्याखाली मोटर चालवू नका, बस कोसळेल. बसमध्ये फ्यूज घालणार असाल तर तो डीसी रेटिंगचा हवा. एसीचा फ्यूज डीसीचा आर्क तोडेलच असं नाही. अंडरव्होल्टेज ट्रिप परत चालू करायला विसरू नका.

यानंतरही गुरगुर राहिली तर तिची फ्रिक्वेन्सी ऐका किंवा क्यू करंटच्या आलेखावर मोजा. रिपल (करंटमधला चढउतार) इलेक्ट्रिकल फ्रिक्वेन्सीएवढाच असेल तर कुठल्यातरी चॅनेलला ऑफसेट आहे. दुप्पट असेल तर दोन चॅनेलच्या मापात फरक आहे. वेग बदलला तरी रिपल जागचा हलत नसेल तर सेन्सरकडून लक्ष काढा आणि एडीसीचा क्षण बघा. नमुना स्विचिंगच्या धारेजवळ घेतला तर त्यात रिंगिंग आणि केबलच्या कपॅसिटन्सचा करंट मिसळतो. पीडब्ल्यूएम काउंटरच्या टोकाला, दोन धारांच्या बरोबर मध्ये, नमुना घ्या. खालच्या स्विचखाली शंट असेल तर तो स्विच चालू असतानाच करंट दिसतो, म्हणून ड्यूटी फार वर गेली की मापाला वेळच उरत नाही. तिथे ड्यूटीला कमाल मर्यादा घाला, किंवा त्या क्षणी ज्या दोन फेजना भरपूर वेळ मिळतो त्यांच्यावरून तिसरी काढा. तीन सेन्सर असतील तर तिघांची बेरीज सतत तपासणारी एक ओळ कोडमध्ये कायमची ठेवा. ती शून्यापासून सरकली तर एक तर सेन्सर बिघडतो आहे किंवा करंट अर्थकडे गळतो आहे, आणि दोन्ही वेळा ड्राइव्ह बंदच व्हायला हवा.

ज्यांच्याकडे तयार कंपनीचा ड्राइव्ह आहे आणि हीच तक्रार आहे, त्यांना आतल्या लेगपर्यंत जाता येत नाही. त्यांनी बस रिकामी झाल्याची खात्री करून मोटरची केबल ड्राइव्हकडून सोडवावी, सोडलेली टोकं इन्सुलेट करावीत आणि एनेबल द्यावं. तरीही ओव्हरकरंट आला तर दोष ड्राइव्हच्या आत. आला नाही तर फक्त केबल जोडून मोटर सोडवा, मग दोन्ही जोडा. मोटर नसताना फेज गेल्याचा फॉल्ट दाखवणारे ड्राइव्ह असतात, तो वेगळा, त्याला घाबरू नका. आउटपुटचं व्होल्टेज साध्या मीटरने मोजाल तर पीडब्ल्यूएममुळे आकडा भलताच येईल, लो पास फिल्टर असलेला मीटर घ्या. आणि मेन्सच्या तारा यू, व्ही, डब्ल्यूवर गेलेल्या नाहीत ना, हे पॉवर देण्यापूर्वी टर्मिनलची नावं वाचून पाहा, तारांच्या रंगावरून नाही.